जवारी, शुद्ध लिहायचं तर ज्वारी

रविवार, १८ डिसेंबर १९३२. दुपारी ३
तंबोरा पडला. पडला असंच लिहितो. 'पाडला' म्हणायला हेतू लागतो. खुंटी सैल होती. ती खुंटी आप्पांनी, म्हणजे माझ्या कै. सासऱ्यांनी, स्वतः येऊन ठोकली होती, तेव्हा जबाबदारी कुणाची ते उघड आहे. भोपळ्याचे तीन तुकडे. दांडी गळ्यापाशी चिरली. तारा लोंबताहेत.
ही परवाच पहिल्या बाळंतपणासाठी अक्कलकोटला माहेरी गेली. तंबोरा आप्पांचा. चाळीस वर्षं त्यांनी मठात त्यावर भजनं म्हटली आणि लग्नात मुलीला दिला. जाताना ही दोनच गोष्टी बजावून गेली: दूध उघडं ठेवू नका आणि तंबोऱ्याला हात लावू नका.
दूध झाकलेलं आहे.

सोमवार, १९ डिसेंबर
संकल्प: हिला आजच्या आज सगळं खरं कळवायचं.
सायंकाळी ६: कार्ड टाकलं. हवा, शाळा, दूध, माझी सर्दी. तंबोऱ्याचा मजकूर घ्यायचा होता, पण कार्डावर जागा उरली नाही.

बुधवार, २१ डिसेंबर
मिरजेला दुरुस्तीला पाठवावा असा एक विचार. पण पाठवायचा म्हणजे स्टेशनवर न्यायचा, म्हणजे अर्ध्या सोलापूरने बघायचा. अक्कलकोटला आगगाडीच्या आधी बातमी पोचते.
शांतपणे विचार केला. तंबोरा म्हणजे आहे तरी काय? खाली गोल, वर दंडगोल, त्यावर चार समांतर रेषा. मी चौदा वर्षं मॅट्रिकच्या वर्गाला भूमिती शिकवतो. मिरजेच्या कारागिराने युक्लिड वाचला असेल असं वाटत नाही.
निर्णय: मीच नवा बनवणार. हुबेहूब. हिला पत्तासुद्धा लागणार नाही. रामनवमीला रामाच्या देवळात पाळणा म्हणायचा मान यंदा हिला मिळाला आहे आणि तो आप्पांच्या तंबोऱ्यावर म्हणणार असं ही सगळ्यांना सांगून बसली आहे. रामनवमी ४ एप्रिलला. हातात साडेतीन महिने. कामापेक्षा वेळच जास्त.

रविवार, २५ डिसेंबर
नाताळची सुट्टी. पाचला उठायचं ठरवलं होतं. थंडीमुळे साडेआठ.
जुन्याची मापं घेतली. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. ती पाहून नवल वाटलं. वरची बाजू सपाटच नाही! मधे किंचित फुगलेली, कडेला घासून घासून उतरती. फूटपट्टी लावली तर खालून उजेड दिसतो. आप्पा गात चांगलं असतील, पण हे काम अगदीच गबाळं. माझी घोडी शंभर टक्के सपाट असेल.
जुनी घोडी टेबलाच्या आखूड पायाखाली घातली. टेबल दोन वर्षं डुगडुगत होतं. आता अक्षर कसं सुरेख येतंय.

सोमवार, २ जानेवारी १९३३
जुना भोपळा आणि दांडी बंबात घातली. घरात ठेवणं बरं नव्हतं. पाणी चटकन तापलं. अंघोळ मात्र दोन तांब्यांत उरकली.

शनिवार, १४ जानेवारी
आमच्याकडे दरवर्षी धान्य घालणारा मंगळवेढ्याचा महिपती संक्रांतीला इथे भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला आला. त्याला गेल्या आठवड्यात निरोप दिला होता की मोठा भोपळा पाहिजे. त्याने उलट निरोप धाडला, खायाचा का वाजवायचा? खेडूत असून प्रश्न मुद्द्याचा.
भोपळा उत्तम. वाळून टणक. पण गृहस्थ तो डोक्यावर घेऊन जत्रेतून आला आणि 'बोरामणीकर मास्तरांचा भोपळा हाय' असं रस्ताभर सांगत आला. माझा निम्मा वर्ग तिथे होता. पेपरात मी शून्य देतो त्याला पोरं भोपळाच म्हणतात, आणि मला भोपळे मास्तर. आता पुरावा मिळाला.

रविवार, २२ जानेवारी
भीमाशंकर सुताराकडून दांडी करून घेतली. हा हातमाग बनवणारा. मागाचं जुनं सागवान वापरलं. तो म्हणाला, मास्तर, लई जड हुतंय, आतून कोरू का? मी सांगितलं, कोरलेली वस्तू कमजोर असते. तो काहीतरी कानडीत पुटपुटला आणि पैसे घेईना. म्हणाला, ह्ये मी केलं असं कुणाला सांगू नका.
विनयी माणूस आहे.

बुधवार, १५ फेब्रुवारी
हिचं पत्र. मुलगी झाली, शनिवारी. दोघी खुशाल. पत्र तीनदा वाचलं. डोळ्यांत पाणी आलं हे इथे लिहायला हरकत नाही.
खाली एक ओळ: फडताळाच्या वरच्या फळीवर डब्यात बाळंतपणासाठी करून ठेवलेले डिंकाचे लाडू विसरले, कुणाबरोबर तरी पाठवा.
डबा रिकामा आहे.
आता लिहितोच. त्या दिवशी खुंटी सैल नव्हती. मी खुर्चीवर चढून लाडू काढत होतो. सातवा. खुर्ची सरकली आणि हाताला जे लागलं ते धरलं. तो तंबोरा होता.
बाळंतिणीचे लाडू! चाळीशीला आलेला माणूस, हातात छडी घेऊन पोरांना सत्य बोलायला शिकवतो. हे पान फाडणार होतो, पण मागच्या पानावर मापं आहेत.

गुरुवार, २३ फेब्रुवारी. अक्कलकोट
बारसं. नाव गोदावरी. माझ्या बोटाला धरून झोपली.
संकल्प करूनच आलो होतो की सांगून टाकायचं. ही थकलेली, पण हसरी. पहिला प्रश्न तंबोरा बरा आहे ना. मी म्हणालो, जागेवर आहे.
कुठल्या जागेवर, ते तिने विचारलं नाही.

रविवार, २६ फेब्रुवारी
सिद्रामप्पांकडे गेलो. इथल्या रामाच्या देवळातल्या भजनाचे म्हातारे, आप्पांचे जुने स्नेही. एका मित्राला तंबोरा करायचा आहे, असं सांगून मोघम चौकशी केली. ते म्हणाले, समदं जमंल, पर जवारी जमली पायजे. जवारी न्हाय तर तंबोरा मुका.
मी त्यांना सौम्यपणे दुरुस्त केलं. जवारी नव्हे, ज्वारी. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाले, व्हय की, तुमी शिकल्यालं.
पुढे असंही म्हणाले की आप्पांच्या जवारीला तोड नव्हती, आता तशी बघायला मिळत न्हाय. आप्पांची शेती होती हे मला सासुरवाडीत कुणी सांगितलं नव्हतं.
पण रहस्य कळलं! तार छेडली की भोपळ्यात कंप होतो, कंपाने आतले दाणे थरथरतात, त्यातून तो झंकार. सरळ फिजिक्स आहे. आणि ज्वारी म्हटली की मंगळवेढ्याची. घरात पोतं आहेच. काही गोष्टी जुळून येतात त्या अशा.

शुक्रवार, ३ मार्च
दोन मापटी ज्वारी स्वतः निवडून, खडे काढून, भोपळ्यात भरली. वरून लाकडी तबली, म्हणजे झाकणाची फळी, सरसाने कायमची बसवली.

बुधवार, ८ मार्च
हिचं पत्र. लिहिते की उन्हाळा लागला, तंबोऱ्याची जवारी उतरली असेल, तुम्ही काही करू नका, दोरा मी येताना आणते.
माहेरी गेल्यापासून हिचं शुद्धलेखन बिघडलं आहे. उलट टपाली कळवलं: 'जवारी असे लिहू नये, ज्वारी असे लिहावे. ज्वारी उतरलेली नाही, पोते काठोकाठ आहे. तोंड शिवून ठेवले आहे, सबब दोरा आणू नये.'
तिचं पत्र लाल शाईने तपासून सोबत परत पाठवलं.

रविवार, १२ मार्च. होळी
सकाळी गल्लीतले लोक लाकडं मागायला आले. सगळ्यांची नजर दांडीवर. दार लावून घेतलं.
दुपारी तारा चढवल्या. सपाट घोडी, फर्स्ट क्लास. मुहूर्त बघून छेडली.
ठप्प.
चारी तारा. ठप्प, ठप्प, ठप्प, ठप्प. आणि उचलून ठेवताना आतून खळ्ळ.
घाबरण्याचं कारण नाही. नवं वाद्य आहे. गोदावरी तरी कुठे जन्मल्याबरोबर बोलायला लागली?

रविवार, १९ मार्च
जुना दिसावा म्हणून बुटाचं तपकिरी पॉलिश दोनदा चोळलं. रंग जमला. वास राहिला. शेजारी उदबत्ती लावून ठेवतो आहे.
आवाज: ठप्प. एक मापटं आणखी घालायला हवं होतं की काय?

सोमवार, २७ मार्च. पाडवा
उद्या ही येणार. वर्षाचा पहिला दिवस, नवा संकल्प: मोटारीतून उतरल्या उतरल्या सांगायचं. वाक्य पाठ केलं. 'प्रेमला, माझ्या हातून एक चूक झाली.' सोपं आहे. व्याकरण निर्दोष.

बुधवार, २९ मार्च
काल आली. मी वाक्याला सुरुवात केली, तेवढ्यात गोदावरी रडली. मग सामान. मग चहा.
मग ती सरळ तंबोऱ्याकडे गेली. मी अंगणात काहीतरी काम काढलं. आतून आवाज आला. ठप्प. मग खळ्ळ. पुन्हा एकदा खळ्ळ.
आत बोलावणं आलं. तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसली होती. हाताला पॉलिश लागलेलं.
"ह्यात काय आहे?"
"ज्वारी," मी म्हणालो. शुद्ध म्हणालो.
ती हसली असती तर बरं झालं असतं. मला वाटतं एक क्षण हसूच येत होतं, पण ते आलं नाही. मग मी सगळं सांगितलं. खुर्ची, लाडू, बंब. लाडवांचा आकडा पाच सांगितला.
तिने मला जवारी म्हणजे काय ते सांगितलं. घोडीची पाठ कानसून कानसून नेमकी उतरती करायची, वर तारेखाली बारीक दोरा सरकवायचा, की तार नुसती वाजत नाही, घुमत राहते. ते घुमणं म्हणजे जवारी. ती कानशीत नसते, कानात असते, असं आप्पा म्हणायचे. लहान मुलाला बेरीज सांगावी तसं समजावून सांगत होती. आवाज चढला नाही. चढायला हवा होता.
"भोपळा मिरजेहून कधीही आला असता. घोडी आप्पांच्या हातची होती, त्यांच्यामागे तेवढीच राहिली होती. ती कुठे आहे?"
मी सांगितलं, हरवली.
टेबलाच्या पायाखाली आहे, हे कसं सांगणार? मी त्याच टेबलावर बसून तिचं पत्र लाल शाईने तपासलं होतं.

मंगळवार, ४ एप्रिल. रामनवमी
ही तंबोऱ्याशिवाय गेली. गोदावरी माझ्याकडे, म्हणून मी देवळाच्या दाराशी उभा.
सिद्रामप्पांनी विचारलं, आप्पांचा तंबोरा कुटं हाय? हिने सांगितलं, त्याची जवारी उतरली आहे, म्हणून आणला नाही. माझं नाव घेतलं नाही. सिद्रामप्पांनी दारातल्या माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, व्हय की.
पाळणा म्हटला. सुरुवातीला सूर शोधत मधेच थांबली. हात नकळत मांडीवर फिरत होता, जिथे तंबोरा असतो तिथे. मग डोळे मिटून गायली. लग्नाला चार वर्षं झाली, आणि मी तिचं गाणं असं उभं राहून कधी ऐकलं नव्हतं. नेहमी पेपर तपासत असे आणि जरा हळू म्हण म्हणून सांगत असे.
बायका म्हणाल्या, छान झालं. ती म्हणाली, रिकामं वाटलं.

बुधवार, ५ एप्रिल. सकाळी
टेबलाखालून घोडी काढली. नेऊन हिच्यासमोर ठेवली. कुठे होती ते सांगितलं. लाडू सात होते तेही सांगितलं.
तिने पदराने पुसली आणि पाठीवरून बोट फिरवलं. मी रोज टेबल पुढे ओढून बसतो, त्याने मधोमध खळगा पडला आहे. फुगवटा गेला. बोट त्या जागी आलं आणि थांबलं.
"नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. घोडी कुंकवाच्या पेटीत ठेवली आणि स्वयंपाकाला लागली.
शिव्या खायची मी तयारी केली होती. तयारी वाया गेली.
टेबल पुन्हा डुगडुगतंय. अक्षर वाकडंतिकडं येतंय, येऊ दे. वर्गात शब्द चुकला की तो दहा वेळा लिहायची शिक्षा मी देतो.
जवारी. जवारी. जवारी. जवारी. जवारी. जवारी.
सहा झाले. गोदावरी उठली. ती दुसऱ्या कशाने गप्प होत नाही. तंबोरा हलवायला जातो.