पाटीची डावी कड

चँडलर, ओक्लाहोमा
४ मे १९७६

प्रिय ओपल वन्सं यांस,
लेटाचा सा. न. वि. वि.

कालच्या बसने पार्सल पोचलं. मामंजींच्या पेट्रोल पंपाची एनॅमलची पाटी, तेलाचा डबा आणि रस्त्यांचे जुने नकाशे. भाडं तुम्ही भरलंतच. घरपोच आणायला सव्वा डॉलर पडला, तो घरखर्चातून काढला, ह्यांना सुगावा लागू नये म्हणून.

ह्यांच्या साठीला ही पाटी द्यायचं तुम्हाला सुचलं, देव तुमचं भलं करो. गॅरेजात ह्यांनी हौसेने जमवलेले जुन्या पंपांवरचे काचेचे गोळे नि डबे इतके झालेत की गाडी बिचारी बाहेर उन्हात. पण वडिलांच्या पंपाचं एवढंसं काही नाही, ही ह्यांची खंत.

मात्र पाटीची दशा बघवत नाही. गंज, डांबर, आणि डावी कड तर टवके उडून काळीकुट्ट. अशी भेट हातात कशी द्यायची? चर्चच्या खुर्च्या रंगवून लाल रंग उरलाय. आरशासारखी करते.

लोभ आहेच, त्यात कमी नसावी.
तुमची लेटा

---

चँडलर
१७ मे

ताईस,
मर्लचा नमस्कार.

पाटी मिळाली. ताई, बाजारात नकली पाट्यांचा सुळसुळाट झालाय, आणि त्या मी लांबूनच ओळखतो. बाबा डाव्या कडेवर तंबाखूचा पाइप झटकायचे. शाळेतून येताना ती टकटक हलकी की रागाची हे ऐकून आपण ठरवायचो, आज खाऊला पैसे मागायचे की मुकाट मागच्या दाराने जायचं. ह्या पाटीची ती कड गुळगुळीत आहे. एक टवका नाही.

खरी तुला ठेवायची होती तर तसं म्हणायचंस. मी हट्ट केला नसता. जमलेल्या मित्रांपुढे मी पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवली.

३१ तारखेला, स्मृतिदिनी, बाबांच्या कबरीवर फुलं वाहायला मी सकाळी जाईन. तू दुपारी जा.
मर्ल

---

विनफील्ड, कॅन्सास
२१ मे

चि. लेटास,
ओपलचे आशीर्वाद.

मर्लचं पत्र सोबत घातलंय, वाच. पाटी मी स्वतः कोठारातून उतरवली. त्या कडेला बाबांच्या तंबाखूचा वास अजून होता.

त्याला चार तिखट ओळी लिहिल्या होत्या. मग तुझं पत्र पुन्हा काढलं. ‘आरशासारखी’. अगं बाई, केलीस की काय?

रंगाचा राग नाही मला. तू हात धुतल्याशिवाय प्रार्थनेलाही बसत नाहीस, ठाऊक आहे. पण तो मला फसवी म्हणाला तेव्हा तू कुठे होतीस? मी त्याला काही कळवणार नाही. ते तुझं काम. तोवर मी चोर.

माया आहे म्हणूनच लिहिलं.
ओपल

---

चँडलर
२५ मे

प्रिय ओपल वन्सं यांस,
लेटाचा सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत, मी कुठे होते. तिथेच होते, केक कापत. ‘ताईनं नकली पाठवली’ असं हे सगळ्यांसमोर म्हणाले, आणि मी कुणाला आणखी तुकडा हवा का म्हणून विचारत फिरले.

जुनी वस्तू धुवायची नाही, पुसायची नाही, हा ह्या जुनं जमवणाऱ्या मंडळींचा पहिला नेम. वीस वर्षं ऐकतेय, आणि दरवेळी मनात म्हणते, आळसाला बरं निमित्त मिळालंय. त्या तोऱ्यातच गंज खरवडायची पट्टी घेऊन बसले. टवक्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, रंगाचे दोन हात दिले. रविवारी चर्चमध्ये कबुलीची प्रार्थना आली तेव्हा ओठ हलवले, आवाज निघाला नाही.

आज न्याहारीला सगळं सांगितलं. ह्यांनी कॉफी खाली ठेवली. वाटलं, आता भडकतील. पण म्हणाले, “रंग निघेल, लेटा. ताईला लिहिलंय ते कशानं काढू?”

मग टर्पेंटाइन नि कापूस घेऊन गॅरेजात बसले. दुपारी लांबीची खपली निघाली आणि खालून काळी कड दिसली. ह्यांनी तिच्यावर बोटाच्या पेराने हलकेच टकटक केली. मी दारातूनच परत फिरले. आत जायचं तोंड नव्हतं.

तुम्हाला लिहायला हे तीनदा बसले, तीनदा उठले. म्हणून दोघांची लाज मीच ह्या पाकिटात घालतेय. अंगणातल्या पिओनी अजून कळीत आहेत, ३१ला उमलतील. सकाळी कबरीवर तुमच्यासाठी थांबायचं, की तुम्ही दुपारीच जाणार? उलट टपाली कळवा. पाकिटावर नाव मात्र ह्यांचं घाला, माझं नको.

तुमची लेटा