टिटवीसाठी स्वस्तातली झांज

४ जानेवारी, रविवार

स्वस्ति! अखिलजलकपातोद्घोषक, सूचनालेखनधुरंधर, त्रिवारपदोन्नतिवंचित, द्विचष्माधर, तृतीयमजलानिवासी, स्वगृही सदैव अल्पमतस्थ असे आम्ही स्वतः — आज या पानासमोर आरोपी म्हणून उपस्थित आहोत!

आरोप असा. पंधरा दिवसांपूर्वी मेहुणीच्या घरी, जेवायला जमलेल्या सोळा माणसांसमोर, आम्ही आमच्या पंधरा वर्षांच्या कन्येचा परिचय करून दिला — "ही आमची कर्णपटलविदारिणी! ड्रम वाजवते. ज्यांना कान प्रिय आहेत त्यांनी अंतर राखावे!" हशा उसळला. टिटवीही हसली. (हे नाव तिने दवाखान्यातच, पहिल्या रडण्यात, स्वकर्तृत्वाने मिळवलेले.) घरी आली आणि ड्रमसेटवर जुनी चादर घातली. काठ्या कपाटावर गेल्या. चादर अद्याप तिथेच आहे.

घरात शांतता नांदते आहे. चार वर्षे आम्ही रोज जिची याचना केली, तीच. लाभली — आणि पचत नाही!

बायको म्हणाली, "तुमचे विनोद ऐकायला माणसं असतात. सोसायला आम्ही."

६ जानेवारी, मंगळवार

कचेरीत सूचना सांगत होतो, टंकलेखिका टंकत होती. "उपरोक्त परिसरातील जलवितरण तांत्रिक अपरिहार्यतेस्तव..." ती थांबली. "साहेब, पाणी येणार नाही, असंच टाकू का?"

तिने केलेला अपमान गिळून तिलाच विचारले, मुलीची समजूत कशी काढतात? "मला काय ठाऊक? माझ्या बापानं कधी काढलीच नाही. तुम्ही निदान काहीतरी घेऊन तरी जा."

टिटवीच्या झांजेला तडा गेला आहे. वर्षभर चिकटपट्टीवर चालले होते. ठरले!

८ जानेवारी, गुरुवार

कचेरीतून थेट वाद्यांच्या दुकानात. दुकानदार तरुण, कानामागे पेन्सिल.

"एक झांज हवी आहे."

"एक? झांजा जोडीनं येतात, काका." दोरीने बांधलेली चिमुकली जोडी त्याने समोर ठेवलीसुद्धा.

"एकच. ड्रमसेटवरची. मोठ्या ताटाएवढी."

"असं होय! मग सिंबल म्हणा ना!"

"शुद्ध भाषेत झांज म्हणतात."

"म्हणत असतील. पण मग जोडी मिळते."

त्याने प्रथम काशाची, भारदस्त, आयुष्यभर पुरणारी झांज काढली. आम्ही दोन पावले मागे सरलो. कृपणता नव्हे! (अंशतः असेल.) महागडी भेट ही भेट नसते, ते समन्स असते. रोज तिच्याकडे बघून विचारणार — मग, केव्हा वाजवतेस? स्वस्त वस्तू कोपऱ्यात पडून राहिली तर कुणाचे काही बिघडत नाही. टिटवीला ‘नको’ म्हणता आले पाहिजे.

"स्वस्तातली दाखवा."

"ह्या पितळी. नाद लवकर मरतो. पत्र्यासारखी वाटली तर मला बोलू नका."

त्याने तीन टांगल्या आणि काठी आमच्या हाती दिली. पहिली — डबा पडला. दुसरी — डबा झाकणासकट पडला. तिसरी! हलकेच ‘छस्स्’ झाले, आणि त्यामागे काहीतरी बारीक थरथरत राहिले. कड बोटांत धरली तर तिथेही क्षणभर जाणवले. पुन्हा वाजवली. हाच आवाज चार वर्षे भिंतीपलीकडून येत होता, आणि आम्ही त्याची तीव्रता तेवढी मोजली. ऐकला कधी नाही.

"काका, दुकान बंद करायचंय हो."

नऊ-दहा वेळा वाजवली असावी.

१० जानेवारी, शनिवार

सोबत चिठ्ठी हवी. मसुदा पहिला: "हे नादब्रह्मोपासिके, अस्मादिकांच्या जिव्हाचापल्यजन्य प्रमादाचे परिमार्जन..." बायकोने वाचला. "ही परत टिंगलच ना?"

मसुदा दुसरा: "झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." लिहून झाल्यावर पेन थबकले. बावीस वर्षे प्रत्येक सूचनेखाली हेच वाक्य लिहितो आहे. नळ कोरडे पडले, लोकांनी आमचा उद्धार केला — पण दिलगीर? एकदाही झालो नाही.

मसुदा तिसरा: "क्षमाप्रार्थी." नुसताच शब्द. खाली कुणीच उभे नाही.

"अहो, एक ओळ लिहा. समास नको, टाळ्या घेणारं काही नको. जमतंय का बघा."

जमत नाही!

११ जानेवारी, रविवार

जमले. "माझं चुकलं. — बाबा." चादरीवर झांज ठेवली, चिठ्ठीची गुंडाळी करून मधल्या भोकात खोचली आणि स्वयंपाकघरात जाऊन निरुपयोगीपणे उभा राहिलो.

टिटवी चिठ्ठी घेऊन आली. "शेवटी एवढंच लिहिलंस?"

"एवढंच."

जिभेवर पाच विनोद आले होते. पाचही गिळले.

ती समोर बसली. "त्या शब्दाचा अर्थ मी शोधला, बाबा. कानाचा पडदा फाडणारी." मग टेबलाकडे बघत म्हणाली, "माझ्या डाव्या कानाला नीट ऐकू येत नाहीये. सारखं सूं सूं होतं. मावशीकडे जेवायला गेलो ना, त्याच्याही आधीपासून. ड्रममुळेच झालं असणार."

बायकोने गॅस बंद केला.

"सांगितलं का नाहीस?"

"त्याच दिवशी सांगणार होते, घरी आल्यावर. मग तू सगळ्यांसमोर तसं बोललास. म्हटलं, आता हे सांगितलं तर यावरही एक शब्द काढशील."

१२ जानेवारी, सोमवार

मी तिचा बाप आहे. आणि ती माझ्या शब्दाला घाबरली.

१३ जानेवारी, मंगळवार

कानाचे डॉक्टर. तिच्या कानात दिवा.

"कापसाच्या काड्या घालतेस ना कानात?"

टिटवीने मान डोलावली.

"कान साफ नाही केलास, मळ आत ढकललास. पार भिंत बांधलीय! पडदा दिसतच नाही मला. पाच दिवस थेंब घाला, मग काढू, मग श्रवण तपासू."

"म्हणजे मळच आहे?" बायकोने विचारले.

"मळ तर आहेच. मागे काय आहे, ते आज नाही सांगता येणार."

काड्यांची डबी घरी येताच फेकली. मग केराच्या डब्यातून काढून पुन्हा, जास्त जोरात, फेकली.

१४ जानेवारी, बुधवार

तीन थेंब.

१५ जानेवारी, गुरुवार

तीन थेंब. नंतर पाच मिनिटे कुशीवर पडून राहावे लागते. तिने डोके माझ्या मांडीवर ठेवले होते.

"बाबा, काहीतरी बोल ना."

"काय?"

"तुझं नेहमीचं. एखादा शब्द काढ."

खूप शोधले. "थेंब," म्हणालो.

"हा काय शब्द आहे!"

१९ जानेवारी, सोमवार

डॉक्टरांनी चिमट्याने जे बाहेर काढले त्याचे वर्णन सभ्य लेखणी करणार नाही. टिटवीने ते दोनदा निरखून पाहिले. "हे माझ्यात होतं?"

मग तपासणी. काचेची बंद पेटी, आत टिटवी, कानांवर यंत्र, हातात एक कळ. आवाज आला की दाबायची. बाहेर आम्हा दोघांना काहीच ऐकू येत नव्हते. फक्त तिचा अंगठा दिसत होता. आधी उजवा कान. अंगठा पटापट हलला. मग तंत्रज्ञ बाईंनी खूण केली: डावा.

अंगठा स्थिर. बायकोने माझे मनगट धरले. अंगठा स्थिरच. मी त्याच्याकडे जसे पाहिले तसे आयुष्यात कशाकडे पाहिले नसेन.

हलला! पुन्हा हलला! मग तर ठेका धरल्यासारखा — आवाज मंद होत गेले असणार, कारण तिने डोळे मिटले, पण अंगठा हलतच राहिला.

"दोन्ही सारखे," डॉक्टर कागद बघून म्हणाले. "वाजवू दे. वाजवताना कानांत आवाज अडवणारे प्लग घालायचे. आणि काड्या बंद!"

मळ! निव्वळ, निखळ, निष्कलुष मळ! हे मलमहाराज, आम्ही आपले आजन्म ऋणी आहोत! डॉक्टरांच्या जिन्यात बायको रडली. अस्मादिकही. डोळ्यांची सर्वंकष जलकपात तेथे तात्पुरती मागे घेण्यात आली.

घरी येताच चादर निघाली. पितळी झांज अवघा पाऊण तास वाजली. नाद लवकर मरतो, दुकानदार खोटे बोलला नव्हता. ती लगेच पुन्हा वाजवते.

२० जानेवारी, मंगळवार

सकाळी भिंतीपलीकडून हाक आली. "बाबा, निष्कलुष म्हणजे काय रे?"

"ज्यात मळ नाही ते."

"मग निष्कलुष मळ कसा असेल?"

उत्तर जुळवू लागलो. आणि मग वहीतले कालचे पान उघडले. तो शब्द मी या पानाबाहेर कुठेही उच्चारलेला नाही!

उच्चारला आहे, म्हणे. बावीस वर्षे मजकूर तोंडी सांगायची सवय. लिहिताना मी मोठ्याने बोलतो. भिंत पातळ. बायकोला ठाऊक होते. टिटवीला ठाऊक होते. "सगळं ऐकलंय मी, बाबा. आरोपी, समन्स, ते तिन्ही मसुदे. उजव्या कानानं."

म्हणून हे पान न्हाणीघरात, ओठ आवळून, ओल्या स्टुलावर बसून लिहितो आहे. शाई फुटते आहे. वरचा नळ नेमका उजव्या पानावर ठिबकतो, आणि त्याबद्दल तक्रार करायची तर ती माझ्याच खात्याकडे करावी लागेल.