तीन मुठी युरिया

ती. ताई,

नमस्कार. साष्टांग म्हणायला हरकत नाही, नुकताच अंगणात घातला आहे. तुमचे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत उत्तम आहे (हे शेजारीणबाईंना पटत नाही, का ते पुढे येईलच).

तुमची धाकटी जाऊन चार महिने झाले आणि तिची हिरवळ पिवळी पडली. आम्ही जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेली माणसं, गवतातलं आम्हाला काय कळतंय? रोपवाटिकेतले काका म्हणाले, आधी बघा, पिवळी पाती जुनी की नवी. नवी पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी. खालची जुनी पाती पिवळी, तर नत्र. मी डोळ्याला दुकानातलं भिंग लावून हिरवळीवर पालथा पडलो आणि एकेक पातं तपासू लागलो. शेजारीणबाईंना वाटलं, गेले हेही! त्यांनी बादलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. (गवताला चार महिन्यांत एवढं पाणी मिळालं नव्हतं.)

तर पाती जुनीच पिवळी होती, म्हणजे नत्र. अवजारांच्या कपाटाच्या दाराला आतून धाकटीच्या अक्षरात चिठ्ठी सापडली: ‘हिरवळ – युरिया तीन मुठी, मग भरपूर पाणी.’ बाईसाहेबांचा हुकूम! मी मोजून तीन मुठी टाकल्या, पाणीही घातलं. तिसऱ्या दिवशी गवत ठिकठिकाणी करपलं. काकांनी चिठ्ठी वाचली, माझ्या पंजाकडे पाहिलं आणि विचारलं, “मुठी कुणाच्या?”

त्याच कपाटात खिळ्याला तिचे हातमोजे लटकलेले आहेत. घरी येऊन एक घालून पाहिला, तर माझी बोटं अर्ध्यातच अडकली. चौतीस वर्षं तो हात हातात होता, ताई, आणि एवढासा होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिथेच बसून खूप रडलो.

आठवडाभर पाणी सोडतोय. काका म्हणतात, मुळं जिवंत आहेत.

तुमच्या धाकटीचा नवरा

ता. क. : पुढच्या महिन्यात पुन्हा खत द्यायचं आहे. तुमचा हात तिच्याएवढाच आहे. तीन मुठी टाकायला याल का?

ता. क. २ : खताचं निमित्त हो, ते वाटीनेही मोजता येतं. फोनवर तुम्ही ‘हॅलो’ म्हणालात की थेट तिचाच आवाज येतो, म्हणून चार महिने फोन केला नाही. आता तो ऐकल्याशिवाय राहवत नाही. राहायलाच या.