शालूबाईंचा बोर्ड

१२ नोव्हेंबर, बुधवार

चूक झाली. शुद्धलेखनाची नव्हे — ती मी होऊ देत नाही.

शालूबाई काल गेल्या. आमच्याच गल्लीतल्या. आईच्या शेजारी बसून विड्या वळायच्या. श्रद्धांजलीचा बोर्ड घाईने हवा होता. बोर्ड छापायच्या दुकानात कामाला आहे, तिथं मी नेहमी करतो तसंच केलं — जुनी फाईल उघडली. तंबाखूच्या वखारीचे मालक सत्याप्पा गेल्या महिन्यात एक्क्याण्णवाव्या वर्षी गेले, त्यांची. फोटो बदलला, नाव बदललं, छापलं. खालची ओळ तशीच राहिली. 'वृद्धापकाळाने निधन.'

शालूबाई एकावन्न वर्षांच्या होत्या.

बोर्ड निपाणीच्या भर चौकात लागलाय. सगळी गल्ली वाचून गेली. कोणी काही म्हटलं नाही!

१३ नोव्हेंबर

दुकानात जाताना चौक टाळला, मागच्या गल्लीने गेलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शालूबाईंच्या मुलाला भेटलो, भावकूला. चूक सांगितली, दुसरा बोर्ड फुकट करून देतो म्हणालो. तो म्हणाला, "कशाला रं अमृत? म्हातारीच हुती की. आमच्यात साठी कुणी बघितलीया?" वर म्हणतो, सत्याप्पाच्या ओळीत बसली आमची आई, जित्तेपणी त्यानं वखारीच्या दारात तरी उभी केली असती काय? बसलेली माणसं हसली. मीही हसलो.

हसल्याची लाज घरी येताना वाटली. पण खरं लिहायचं तर लाज त्याची नाही. छापण्याआधी ती ओळ मी वाचली होती. अक्षर न् अक्षर वाचतो मी. वाचली, वर शालूबाईंच्या फोटोकडे बघितलं — आणि खटकली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई शालूबाईंपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. म्हणजे सत्तेचाळीस. हा हिशेब मी आजवर कधी केला नव्हता.

तीच तंबाखू, तीच धूळ, तोच खोकला. आणि दुकानात कोणी आईचं विचारलं की मी सांगतो, घरीच असते. विड्यांचं नाव काढत नाही.

आज दवाखान्याचा विषय काढला. आधी म्हणाली, खाडा पडला तर पगार काय तुझा मालक देतोय? मग म्हणाली, खोकला कुणाला न्हाय? मी हटलो नाही. पानं कातरता कातरता शेवटी हळूच म्हणाली, "शालीला कुणी न्हेलंच न्हाय बघ. तू म्हणतोस तर चल."

१७ नोव्हेंबर

आईने ठेवणीतली साडी काढून ठेवलीय. तरी तंबाखूचा वास जाणार नाही, असं माझ्या मनात आलं. उद्या चिकोडीला जायचं. इथे नको — ओळखीचं कोणी भेटेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ओळखीचं भेटलंच. दुकानाचं मोठं गिऱ्हाईक, दवाखान्यात मागच्याच बाकावर, सगळं ऐकू जाईल इतक्या जवळ.

डॉक्टरांनी मला विचारलं, "आज्जींना खोकला कधीपासून?"

आई माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, "आज्जींना दोन वर्षं झाली."

ह्या वयात एवढं चालायचंच, ते म्हणाले. बाटली लिहून दिली. छातीचा फोटो काढायला सांगितला नाही. मी वय सांगितलं नाही.

बसमध्ये आई म्हणाली, "बरं झालं. आज्जी म्हणून सुईबी टोचली न्हाय."