चौथीतला मास्तर

तर गुरुजी, चूक तुमचीच होती. तेव्हाही म्हणत होतो, आजही म्हणतो. शाळेला खोली एक, मास्तर एक आणि वर्ग चार, यात माझा काय गुन्हा? पण मी चौथीत आलो आणि तुम्ही माझ्या हातात खडू दिलात. "पहिली तुझी. माझ्याच्यानं चार वर्ग एकदम होत न्हाईत." मी एका जागी बसत नव्हतो म्हणून मला निवडलंत, हे मला ठाऊक आहे. बसणारी पोरं चौथी शिकली, मी पुन्हा पहिली. माझ्याएवढी पक्की पहिली तालुक्यात कुणाची नसेल. भागाकार मात्र आजही येत नाही. ढाब्यावर बिल चौघांत वाटायची वेळ आली की मी हात धुवायला उठतो. आई गावभर सांगायची, "माझा पोऱ्या मास्तर झाला हाय." बाप एवढंच विचारायचा, "पगार किती?"

आणि तो तपासणीचा दिवस. दुसरा मास्तर द्या म्हणून अर्ज घेऊन तुम्ही भिवंडीला गेलेले, आणि नेमके साहेब जीपनं आपल्या शाळेत. मी चारही वर्ग सांभाळतोय. हातात तुमची छडी, घशात तुमचंच खाकरणं. पोरं अशी गप्प की साहेब दारातच थबकले. पहिलीतल्या एका पोरीला त्यांनी विचारलं, "बाळ, शिक्षक कुठे आहेत?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "हे काय, सर."

"आणि मोठे गुरुजी?"

"ते भिवंडीला असतात."

साहेब पोट धरून हसले. पहिलीकडून बाराखडी म्हणवून घेतली, माझी पाठ थोपटली आणि म्हणाले, "वा! इथं तर सगळं उत्तम चाललंय." संध्याकाळी तुम्ही एसटीतून उतरलात तेव्हा मी बक्षिसाच्या आशेनं धावत आलो. तुम्ही ऐकलंत आणि रस्त्यातच कपाळाला हात लावलात. "गाढवा, उत्तम कशाला चालवलंस? जरा बोंबलू द्यायचं पोरांना! आता मला दुसरा मास्तर कोण देतोय?"

दिलाच नाही. तुम्ही वारलात तोवर एकटेच शिकवत होतात.

मी आता भिवंडीजवळच्या वडप्याच्या गोदामांतला माल ट्रेलरवर घालून देशभर फिरतो. सध्या गुवाहाटीत आहे. गाडी खाली होत नाही म्हणून नुसता पडलोय, आणि एका जागी पडलो की मला तुमच्याशी भांडायचं सुचतं. त्यात काल बूथवरून घरी फोन लावला. भाऊ खुशीत. "तुझ्या पुतणीनं नाव काढलं. चौथीत हाय, पन पहिलीला तीच शिकवते. बाईंनीच नेमली." दुसऱ्या मास्तराची जागा अजून रिकामी, बाई एकट्याच. मग पोरगी फोनवर आली.

"काका, माझी पहिली एकदम गप्प बसते!"

मी विचारलं, "आणि तुझा भागाकार?"

"तो नंतर. पहिलीला बाराखडी आली की."

गुरुजी, पहिलीला बाराखडी कधीच येत नसते. आली की ती पोरं दुसरीत जातात आणि नवी पहिली येऊन बसते. हे तिला कसं सांगू? म्हटलं, "उद्यापासून दंगा करू दे त्यांना."

"ह्या! बाई मलाच ओरडतील."

भावानं फोन घेतला. गावात बारावी झालेली एक मुलगी आहे, आठशे रुपये महिन्यानं पहिली घ्यायला तयार आहे. पण वर्गणीचं काढलं की गाव म्हणतं, "आपली पोरगी फुकटात शिकवते, मंग पैसं कशाला?" मी म्हटलं, पहिले तीन महिने माझे. आमची पोरगी उद्यापासून चौथीच्या रांगेत बसली पाहिजे. सरकारी मास्तर येईल तेव्हा येईल.

हे पत्र टाकायचं कुठं? घडी करून सीटखाली ठेवतोय. भांडण मिटलंय असं समजू नका. फक्त एक सांगतो, आईलाही सांगितलेलं नाही. चौथीच्या शेवटच्या दिवशी तुम्ही "अजून एक वर्ष थांब" म्हणाला असतात, तर मी थांबलो असतो.

सकाळी पोस्टात जाऊन भावाच्या नावानं मनीऑर्डर करतो. चोवीसशे रुपये.