कावळ्यासमोर कबूल केलेला धबधबा

सर्वण, १८ ऑक्टोबर १९८८

तीर्थरूप गुरुदासदादांस कृष्णनाथाचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता जिने चढतो का? तुमची बहीण गेल्यापासून आमच्या घरात आवाज उरलेला नाही (माझा आधीही नव्हता). पण परवा जे घडलं, ते तुम्हाला कळवल्याशिवाय राहवत नाही.

परवा सत्यवतीचं पहिलं मासिक श्राद्ध होतं. अंगणात कावळ्यासाठी पान ठेवलं, तिच्या आवडीचे वडेही वाढले. कावळा माडावर बसून नुसता बघत राहिला. मी तुळस जपीन म्हटलं, गाय विकणार नाही म्हटलं, तो हलेना. शेजारच्या पार्वतीकाकी ओरडल्या, "अरे बाबा, ती बापडी वीस वर्षं काय मागत होती, ते कबूल कर! पुटपुटू नको, मोठ्यानं बोल!" मग मी हात जोडून "काव, काव" सुरू केलं.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. साखळी गावचा राजेश दोन गोऱ्या पाहुण्यांना रान दाखवायला आला होता. (राज्य झाल्यापासून समुद्र सोडून आतला गोवाही दाखवायचा, असं त्याने मनावर घेतलंय.) मला पाहून तो पाहुण्यांना म्हणाला, हे पक्षी बोलावणारे जाणकार! त्यांनी लगेच कॅमेरे काढले. मी सुतकी चेहऱ्याने "काव" करतोय आणि ते टिपतायत. "काका, धनेश पक्षी बोलावता येईल?" राजेशने विचारलं.

धनेश म्हटल्यावर मला आठवलं. सत्यवती नेहमी सांगायची, डोंगरातल्या धबधब्यापाशी धनेशाची जोडी येते, एकदा चला. मी जन्मात पहिल्यांदा ओरडलो, "सत्यवती, तुझा धबधबा या पाहुण्यांना दाखवीन! येणाऱ्या प्रत्येकाला दाखवीन!"

कावळा खाली आला आणि पहिला वडाच उचलला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पार्वतीकाकी रडत होत्या, त्यांनीही वाजवल्या. दादा, मी आता वाटाड्या झालो! रविवारी जीप येणार आहे. मी काठी तासून ठेवली आहे, कपाटातून तिची छत्रीही काढली आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
तुमचा कृष्णनाथ

ता. क. शनिवारीच या. दर भाऊबीजेला ती तुम्हाला घेऊन तिथे जायची, तेव्हा मी दारापुढच्या बलकांवात, बाकावर पेपर वाचत बसायचो. मला वाट ठाऊक नाही.

ता. क. २. हे पाहुण्यांना सांगू नका. तिला ठाऊकच आहे.