मिहिरला सुई टोचली तेव्हा

ती. आईस मृण्मयीचा नमस्कार.

इथं संभाजीनगरात टँकर दिवसाआड येतो, पण माझी आंघोळ होते. काळजी करू नको.

लसीकरणावरच्या आमच्या फिल्मसाठी काल सिल्लोडजवळच्या एका गावात गेलो होतो. तिथल्या लक्ष्मीबाई नातीला लस देऊ देईनात. "सुई टोचली की लेकरू तापानं फणफणतंय," म्हणाल्या. आमचा कॅमेरामन मिहिर समजवायला पुढं झाला आणि दाराच्या पत्र्यानं त्याचाच हात कापला. नर्सबाईंनी धनुर्वाताचं इंजेक्शन काढताच तो चालू कॅमेऱ्यासकट पळाला!

लक्ष्मीबाईंनीच त्याला धरून बसवलं. "एवढा बाप्या तू, अन् सुईला भितो व्हय? मुंगी चावल्यावानी तर असतंय!" बोलून गेल्या आणि स्वतःच थबकल्या. मग हसत नातीला पुढं केलं. शूटिंगमध्ये मात्र नुसत्या मिहिरच्या चपला आल्यात.

आई, बाळाला गोवराची लस देऊ दे ना वहिनीला आता. ताप आलाच तर त्याला मांडीवर घ्यायला मी येईन.

तुझीच,
मृण्मयी